अल्प अपायाचें पाप

विषाविषयींची आपली कल्पना गोष्टींतून आलेली आहे. गोष्टींत विषाचा पेला असतो, तो देणारा कोणी असतो, पिणारा कोणी असतो, आणि देणाऱ्याचा हेतु सर्वांस ठाऊक असतो. सॉक्रेटिसाच्या हातीं पेला कोणी दिला हें इतिहास सांगतो. मीराबाईच्या कथेंत राणाचें नांव निघतें. अशा ठिकाणीं आपल्या नीतिबुद्धीस निर्णय देण्यास क्षणाचाही विलंब लागत नाहीं. परंतु ज्या विषाचा पेला कोणीं भरला हें नेमकें सांगतां येत नाहीं, जें देण्याचा कोणाचाच हेतु नव्हता, जें पिणाऱ्यास आपण तें प्यालों याची वार्ताही नसते, आणि ज्याच्या योगानें कोणी मरत नाहीं, फार तर किंचित् उणा होतो, त्या विषाबद्दल दोष कोणास द्यावयाचा? किंबहुना, दोष द्यावयाचा कीं नाहीं? हा प्रश्न केवळ तार्किकांच्या करमणुकीचा नाहीं. आज पृथ्वीच्या पाठीवर जेथें जेथें माणसांचे केस व रक्त तपासलें जातें, तेथें तेथें थोडाफार पारा सांपडतोच. या थोड्याफार पाऱ्याविषयीं विचार करूं लागलें म्हणजे आपल्या नीतिशास्त्राचीं मापें किती ढोबळ आहेत हें लक्षांत येतें.

पारा आपल्याला परका नाहीं. आयुर्वेदांतील रसशास्त्राचें नांवच त्यावरून पडलेलें आहे. आणि कच्चा पारा विषारी होय हें मान्य करूनच रसाचार्यांनीं त्याचे अठरा संस्कार सांगितले. घरांत थर्मामीटर फुटला म्हणजे जमिनीवर घरंगळणारे चंदेरी मणी मुलांनीं कौतुकानें गोळा करावेत, आणि मूल तें गिळील म्हणून आईनें धसका घ्यावा, हा अनुभव अनेक घरांतला आहे. वस्तुतः गिळलेला धातुरूप पारा बहुतेक सर्व जसाच्या तसा शरीराबाहेर पडतो. भय आहे तें त्याच्या न दिसणाऱ्या वाफेचें. श्वासाबरोबर आंत गेलेल्या वाफेपैकीं सुमारें चार-पंचमांश भाग शरीरांत राहतो. दिसणाऱ्या थेंबाला भ्यावें आणि न दिसणाऱ्या वाफेकडे दुर्लक्ष करावें, ही चूक त्या आईची एकटीची नव्हे. पुढें दिसेल कीं ती मोठमोठ्या राष्ट्रांचीही आहे.

परंतु आजचा मुख्य प्रश्न याहून निराळ्या रूपाचा आहे. कोळशांत पाऱ्याचा अत्यल्प अंश असतो. कोळसा जळला म्हणजे तो हवेंत जातो. लहान लहान खाणींतून सोनें काढणारे लोक पाऱ्याच्या साहाय्यानें सोनें वेगळें करितात, आणि तो पारा उडून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक संस्थेनें २०१५ या एका वर्षासाठीं केलेल्या अंदाजाप्रमाणें मनुष्याच्या उद्योगांमुळें सुमारें २,२२० टन पारा हवेंत गेला. त्यांत सर्वांत मोठा वांटा या लहान खाणींचा व त्याखालोखाल कोळशाचा होता. हवेंतील पारा कालांतरानें पाण्यांत उतरतो. तेथील सूक्ष्म जंतु त्याचें रूपांतर मेथिल-पाऱ्यांत करितात. तो लहान जीव खातात, त्यांस लहान मासे, लहान माशांस मोठे मासे. आणि प्रत्येक पायरीवर त्याचें प्रमाण वाढत जातें. म्हणून तारलीपेक्षां मुशींत तो अधिक. माणसानें मासा खाल्ला म्हणजे त्यांतील मेथिल-पारा जवळजवळ संपूर्ण रक्तांत शोषला जातो, मेंदूंत शिरतो, आणि गर्भवतीच्या शरीरांत वार ओलांडून गर्भापर्यंत पोंचतो. गर्भाच्या रक्तांत तो आईच्या रक्तापेक्षांही अधिक साठतो, आणि गर्भाचा मेंदू तर त्या वेळीं घडत असतो.

हें ज्ञान फार मोठ्या किंमतीस मिळालें. जपानांतील क्यूशू बेटावर मिनामाता नांवाचें गांव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत १९३२ पासून १९६८ पर्यंत ॲसिटाल्डिहाइड नांवाचें द्रव्य तयार होई, व त्यांतून निघणारा पारा समुद्रांत जाई. १ मे १९५६ रोजीं कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनीं एक अज्ञात मेंदूविकार पसरत असल्याचें सरकारी आरोग्यखात्यास कळविलें. १९५९ सालीं कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनीं दोष सेंद्रिय पाऱ्याकडे असल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं होसोकावांनीं कारखान्याचें सांडपाणी एका मांजरास अन्नांतून दिलें. तें मांजर त्याच रोगानें ग्रस्त झालें. ही गोष्ट बाहेर आली नाहीं. त्याच डिसेंबरांत कंपनीनें रोग्यांशीं करार केला व सहानुभूति म्हणून कांहीं रक्कम दिली. पुढें कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी अधिक कांहीं मागूं नये अशी त्यांत अट होती. पाणी शुद्ध करण्याचें एक यंत्रही थाटानें बसविण्यांत आलें. मात्र पारा काढणें हें त्या यंत्राचें कामच नव्हतें. सरकारनें कारण मान्य केलें तें १९६८ सालीं. होसोकावांनीं १९७० मध्यें आजारी असतां रुग्णशय्येवरून साक्ष दिली आणि त्याच वर्षीं ते वारले. १९७३ मध्यें न्यायालयानें तो सहानुभूतीचा करार लोकनीतीस विरुद्ध म्हणून रद्द ठरविला.

एवढ्या भागांत अपराध आहे, अपराधी आहे, बळी आहेत. नीतिशास्त्रास अवघड असें कांहीं नाहीं. अवघड प्रश्न या शोकांतिकेच्या कडेला आहे. मिनामातांत कांहीं मुलें जन्मतःच विकल होतीं, आणि त्यांच्या माता मात्र बहुतांशीं धडधाकट किंवा किंचित् बधिरतेची तक्रार करणाऱ्या होत्या. वार ही गर्भाचें विषापासून रक्षण करिते, असा त्या काळच्या वैद्यकाचा विश्वास होता. तो या मुलांनीं खोटा ठरविला. जपानांत मुलाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची चाल आहे. डॉ. हारादा यांनीं अशा नाळा मिळवून त्यांतील पारा मोजला, आणि आईच्या प्रेमानें जपलेली वस्तु विषाची साक्षीदार ठरली. जी मात्रा आईला जाणवलीही नाहीं ती मुलाचें आयुष्य उद्ध्वस्त करूं शकली. मग याहूनही थोडी मात्रा काय करील? आणि ज्यांच्या केवळ हातापायांची संवेदना मंदावली ते रोगी कीं निरोगी? जपानी सरकारनें १९७७ मध्यें अनेक लक्षणें एकत्र असल्याची कसोटी लावली, तेव्हां अधिकृत रोग्यांची संख्या अडीच हजारांच्या आंतच राहिली. परंतु १९९५ च्या तडजोडींत दहा हजारांच्या आसपास माणसांस कांहींतरी द्यावें लागलें, आणि २००९ मध्यें आणखी एक कायदा करावा लागला. रेषा कोठें ओढावी हा वाद तेथें अर्धें शतक चालला, कारण निसर्गानें अशी रेषा ओढलेलीच नाहीं.

अल्प मात्रेचा शोध पुढें दोन द्वीपसमूहांत झाला. उत्तर अटलांटिकांतील फेरो बेटांवर लोक देवमाशाच्या एका लहान जातीचें मांस खातात. तेथें १९८६ व १९८७ मध्यें जन्मलेल्या सुमारें एक हजार मुलांच्या नाळेच्या रक्तांतील पारा मोजण्यांत आला, आणि मुलें सात वर्षांचीं झाल्यावर त्यांची परीक्षा घेण्यांत आली. ज्यांच्या नाळेंत पारा अधिक होता त्यांची भाषा, स्मरण व अवधान यांत किंचित् उणेपणा आढळला. पाऱ्याचें प्रमाण दुप्पट झालें कीं मूल वाढींत सुमारें दीड-दोन महिने मागें, असा त्याचा हिशेब सांगतात. दुसरा अभ्यास हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांवर १९८९-९० मध्यें सुरू झाला. तेथील माता आठवड्यांतून सरासरी बारा वेळां मासे खात, आणि त्यांच्या केसांतील पारा फेरोच्या मातांपेक्षां अधिक होता. तरीही त्या मुलांत नऊ वर्षांपर्यंत चिंता करण्याजोगा परिणाम सांपडला नाहीं. दोन्ही ठिकाणचे संशोधक प्रामाणिक. दोघांच्याही पद्धति काटेकोर. कोणी म्हणतात, देवमाशाचें मांस एकदम पुष्कळ खाण्यांत येतें व त्यांत इतरही विषें असतात. कोणी म्हणतात, माशांतील पोषक स्निग्ध द्रव्यें पाऱ्याचा अपाय झांकून टाकितात.

आतां या दोन उत्तरांमधून राज्यकर्त्यानें काय घ्यावें? अमेरिकेनें फेरोचा आधार धरून शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञसमितीनें २००३ मध्यें दोन्ही अभ्यास हिशेबांत घेऊन आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक, मर्यादा ठरविली. फरकाचें एक कारण पाहण्यासारखें आहे. अपाय दिसूं लागतो त्या मात्रेस एका संख्येनें भागून सुरक्षित मात्रा ठरवितात. अमेरिकेनें भागिले दहानें, समितीनें ६.४ नें. हा दहाचा आंकडा कोणत्याही प्रयोगशाळेंत सांपडलेला नाहीं. तो आपल्या अज्ञानाची किंमत आहे, आणि ती किती धरावी हें सावधपणाचें, म्हणजे नीतीचें, काम आहे. विज्ञानानें निर्णय दिला असें आपण म्हणतों तेव्हां पुष्कळदां नीतीचा निर्णय आंकड्याचें वस्त्र नेसून आलेला असतो.

संशयाचा फायदा आरोपीस द्यावा, हें न्यायालयांतील तत्त्व आपल्या मनांत इतकें मुरलेलें आहे कीं आपण तेंच पदार्थांसही लावतों. जोंवर अपाय सिद्ध नाहीं तोंवर पारा निर्दोष, असें म्हणणें फार न्यायाचें वाटतें. परंतु आरोपीस संशयाचा फायदा देण्याचें कारण असें कीं तो माणूस आहे, आणि निरपराध्यास फांशीं देण्याचें पाप आपणांस नको आहे. पाऱ्यास तसा कोणताच हक्क नाहीं. त्या फायद्याचा खरा धनी पारा नसून तो सोडणारा उद्योग असतो. आणि त्या फायद्याची किंमत जो मोजतो त्यास न्यायालयांत बोलावलेलेंच नसतें, कारण तो बहुधा अजून जन्मलेलाही नसतो.

तथापि येथें थांबून ‘संशय येतांच बंदी करा’ असा सोपा उपदेश करणेंही बरोबर होणार नाहीं. संशयाला दोन धारा असतात. मासे हें गरिबांचें व किनाऱ्यावरच्या लोकांचें उत्तम अन्न आहे. गर्भाच्या मेंदूस लागणारीं स्निग्ध द्रव्यें त्यांत आहेत. इंग्लंडांतील ब्रिस्टलच्या आसपास हजारों माता व मुलें यांचा जो अभ्यास झाला, त्याचा २००७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं गरोदरपणीं आठवड्यास ३४० ग्रॅमपेक्षां कमी मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांत भाषिक बुद्धि उणी असण्याचें प्रमाण अधिक होतें. तेव्हां पाऱ्याच्या भयानें ज्या मातेनें मासळी अजिबात सोडली तिनें कदाचित् एका अल्प अपायाऐवजीं दुसरा पत्करला असेल. सल्ला देणाऱ्यानें केवळ भीति दाखवून भागत नाहीं. बांगडा, तारली यांसारखे लहान मासे खा, मोठे शिकारी मासे टाळा, असें नेमकें सांगण्याचे कष्ट त्यानें घेतले पाहिजेत. भीति वांटणें फार स्वस्त असतें आणि तिचा खर्चही दुसऱ्याच्याच ताटांतून होतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दीड-दोन महिने मागें पडणें ही हानि आहे काय? एखाद्या आईस विचारलें तर ती हंसेल. तिचें मूल शाळेंत जातें, खेळतें, गाणीं म्हणतें. पाऱ्यावांचून तें कसें झालें असतें हें तिला किंवा कोणालाच कळण्याचा मार्ग नाहीं. हानि आहे, परंतु ती कोणाची म्हणून दाखवितां येत नाहीं. इंग्रज वैद्य जॉफ्री रोझ यानें १९८५ च्या सुमारास एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणिली: थोड्या माणसांना असलेल्या मोठ्या धोक्यापेक्षां पुष्कळ माणसांना असलेल्या लहान धोक्यांतून अधिक रोगी निपजूं शकतात. लाखों मुलांच्या बुद्धीचा मध्य अंगुळभर खालीं सरकला, तर मधल्यांस तें जाणवणार नाहीं. परंतु अगदीं काठावर जीं मुलें उभीं होतीं तीं पलीकडे पडतील. आणि याच्या उलटही घडतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेंत दांत येणाऱ्या बालकांस पाऱ्याच्या क्षाराची पूड देत. ती घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांस कांहींच होत नसे, मोजक्याच मुलांचे हातपाय लाल होऊन तीं वेदनेनें तळमळत. बहुतेकांस कांहीं होत नाहीं, याच कारणास्तव त्या पुडीवर कित्येक दशकें कोणी संशय घेतला नाहीं.

तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यानें १९८४ च्या आपल्या ग्रंथांत असाच एक दृष्टांत कल्पिला आहे. हजार छळ करणारे आहेत व हजार बळी आहेत. पूर्वीं प्रत्येक जण एका बळीच्या यंत्राची कळ हजार वेळां फिरवी आणि त्यास असह्य वेदना देई. पुढें त्यांनीं युक्ति काढली: प्रत्येकानें एकच कळ दाबावयाची, तिच्या योगानें प्रत्येक बळीची वेदना फक्त एक हजारांशानें, म्हणजे न कळण्याइतकीच, वाढेल. वेदना एकंदरींत तितकीच. परंतु आतां प्रत्येक जण म्हणतो, माझ्या कृतीनें कोणाचेंच कांहीं बिघडलें नाहीं. या म्हणण्यांतील खोटेपणा आपणांस लगेच दिसतो. परंतु सायंकाळीं दिव्याची कळ दाबणारे आपण, आणि चंद्रपूर किंवा कोराडी येथें जळणारा कोळसा, यांचा संबंध लावावयाचा म्हटला म्हणजे तोच खोटेपणा आपल्याला खरा वाटूं लागतो. येथें एक भेद मात्र मान्य केला पाहिजे. त्या छळकांस छळच हवा होता. आपल्याला प्रकाश हवा आहे, आणि प्रकाश हवा असणें हें पाप नव्हे.

या भेदास न्याय देणारा विचार आपल्या परंपरेंत फार पूर्वीं झालेला आहे, असें आम्हांस वाटतें. मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आज त्याज्य आहेत व त्या टाकल्याच पाहिजेत. परंतु तिच्या तिसऱ्या अध्यायांत पंचसूनांचा जो विचार आहे तो लक्षांत घेण्याजोगा आहे. सूना म्हणजे वधस्थान. गृहस्थाच्या घरांत पांच वधस्थानें असतात: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांच्या वापरांत नकळत सूक्ष्म जीव मरतात. येथें शास्त्रकारापुढें दोन सोपे मार्ग होते. हेतु नव्हता म्हणून दोष नाहीं, असें तो म्हणूं शकला असता. अथवा चूल विझवा, संसार सोडा, असें म्हणूं शकला असता. त्यानें दोन्ही टाकले. चूल पेटती राहूं दिली, आणि गृहस्थास तिच्याबद्दल ऋणी ठरविलें. अध्ययन, पितर, देव, प्राणिमात्र व अतिथि यांच्यासाठीं पंचमहायज्ञ रोजचे नेमून दिले. अपराधी ठरविणें आणि मोकळें सोडणें यांच्या मधली ही तिसरी अवस्था आहे. आपल्या यंत्रयुगानें घराबाहेर कोसों दूर एक सहावी सूना मांडली आहे, आणि तिच्याबद्दलचें ऋण अद्याप कोणीं आपल्या नांवावर लिहून घेतलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, यज्ञ केल्यानें मेलेली मुंगी जिवंत होत नाहीं. प्रायश्चित्त ही केवळ मनाची समजूत. आक्षेप खरा आहे, आणि मिनामाताचें सहानुभूतिधन व तें थाटाचें यंत्र हीं त्याचीं जळजळीत उदाहरणें आहेत. जें प्रायश्चित्त अपाय विसरण्यासाठीं केलें जातें तें नवें पापच होय. म्हणून सहाव्या सूनेचें ऋण फेडणें म्हणजे काय, हें ठरवितांना एकच कसोटी लावावी: त्यानें अपाय प्रत्यक्ष घटतो काय? पहिलें कर्तव्य मोजण्याचें. कारण जें मोजलें नाहीं तें नाहींच, असें मानण्याची सत्तेस संवय असते. दुसरें सांगण्याचें. अमेरिकेंतून आपल्याकडे कोडाईकनाल येथें आणलेला थर्मामीटरचा कारखाना पारायुक्त कांचेचा चुरा भंगारवाल्याकडे सांपडल्यावर २००१ मध्यें बंद पडला, आणि ५९१ माजी कामगारांशीं समझोता होण्यास २०१६ साल उजाडलें. ज्या पदार्थाची भीति श्रीमंत देशांत वाटूं लागते त्याची माहिती गरीब देशांतील कामगारास त्याच जहाजानें येत नाहीं. तिसरें कर्तव्य उगमाशींच घटविण्याचें. २०१३ मध्यें मिनामाताच्याच नांवानें राष्ट्रांचा करार झाला, तो २०१७ पासून अमलांत आला, व २०१८ मध्यें हिंदुस्थानही त्यांत सामील झाला. त्या करारानें पारा नाहींसा झालेला नाहीं; परंतु हें ऋण आहे एवढें तरी राष्ट्रांनीं लिहून दिलें आहे.

हें तिसरें कर्तव्य सर्वांत मोठें कां, हें फेरो बेटांवरून कळतें. तेथें देवमाशाची शिकार सारा गांव मिळून करतो आणि मांस परंपरेनें वांटून घेतो. त्या शिकारीच्या नोंदी सोळाव्या शतकापासूनच्या आहेत. २००८ मध्यें तेथील प्रमुख वैद्यांनींच सांगितलें कीं हें मांस यापुढें माणसानें खाऊं नये. त्या बेटांवर कोळशाच्या खाणी फुंकणारे कारखाने नाहींत. ज्यांनीं तें विष समुद्रांत घातलें ते दूर आपापल्या शहरांत होते, आणि आपल्या वाडवडिलांचें ताट मागें सारण्याची पाळी यांच्यावर आली. गर्भवतीस ‘जपून खा’ असें सांगणें अवश्य आहे. परंतु तेवढेंच सांगून जो समाज थांबतो तो आपल्या ऋणाचा बोजा, आजवर ज्याच्या नांवावर कांहींच नव्हतें अशा माणसाच्या खांद्यावर ठेवतो.

अल्प अपायाचें पाप अल्पच असतें, हें म्हणणें एका माणसापुरतें खरें आहे. म्हणून एकट्या माणसानें त्याच्या भारानें खचून जाण्याचें कारण नाहीं. परंतु तें पाप नाहींच असें म्हणण्याचा अधिकारही त्यास नाहीं. चुलीपुढें बसलेल्या गृहिणीस आपल्या हातून कोणता जीव गेला हें कधींच ठाऊक नसे. तरी पहिला घांस बाजूस काढल्याखेरीज ती जेवीत नसे. आपल्याला तिच्याहून पुष्कळ अधिक ठाऊक आहे.